हलकेबाबांच्या दोन खुर्च्या

हलकेबाबांना आमच्या लाटंबार्स्यात काय मिळण्यासारखे होते, ते आधी मांडू. चमत्कार कुठे पळून जात नाही.

पैसा तर नव्हेच. बाबा पैशाला शिवत नसत, आणि गाव भाळले ते यावरच. दक्षिणापेटी नाही, पावतीपुस्तक नाही, क्यूआर कोडचा फलकसुद्धा नाही. बाबांचे मागणे एकच. साठी उलटलेल्या माणसाने ताटातले जड अन्न सोडावे आणि सोडलेले बाबांच्या पायाशी आणून ठेवावे, म्हणजे ते त्याचे नदीत विसर्जन करतील. जड काय, ते पहिल्याच बैठकीत जाहीर झाले. अंडी जड, कोंबडी जड, बांगडा जड, सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, जड. आळसांदे, म्हणजे आमची टपोरी चवळी, मूग, तूरडाळ जड. दूध-दही जड. शेंगदाणे तर इतके जड की बाबांनी त्यांचे नाव घेताना डोळे मिटले. हलके काय? पेज हलकी, लोणचे हलके, आणि बाबांची विभूती सर्वांत हलकी.

गावात घरटी एक तरी म्हातारे माणूस, काही घरांत दोन. म्हणजे बाबा आणि त्यांचा एक शिष्य, अशा दोन पोटांसाठी सबंध गावच्या म्हाताऱ्यांची अंडी, डाळी आणि कोंबड्या. इतका फायद्याचा धंदा खाणी जोरात होत्या तेव्हाही डिचोली तालुक्यात कोणी केला नसेल.

आता चमत्कार.

बैठक भरायची रविवारी सकाळी, काजूच्या एका बंद पडलेल्या भाटीत. भिंतींना अजून हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास होता. भक्तांना तो दैवी सुगंध वाटे, आणि आमच्या गावात त्या वासाची ओळख नसलेला एकही पुरुष नसताना असे वाटे, हे विशेष. समोर दोन खुर्च्या. एक पट्ट्यांची, मध्ये खोल गेलेली. तिचे नाव जडासन. दुसरी भगव्या रेशमाने जमिनीपर्यंत झाकलेली. ती हलकासन. बाबा दोहोंच्या मध्ये चौरंगावर. अंगाने भरदार, गाल तुकतुकीत, आवाज मधाळ. गळ्यातली माळ पोटावर टेकून थोडी विश्रांती घ्यायची.

"माते," बाबा म्हणायचे, "तुला पृथ्वीने धरून ठेवले आहे. का धरले? तू तिचे जड खाल्लेस म्हणून. जो हलका झाला, त्याला देव दोन बोटांनी उचलतो. बैस जडासनावर. तुळशीसारखी ताठ. चरण पुढे पसर, हात छातीवर घे. आता ऊठ पाहू."

म्हातारी जोर लावायची. मान हलायची, भुवया वर जायच्या, बाकीची म्हातारी जागच्या जागी. सभा हळहळायची.

मग तिला हाताला धरून उठवायचे, जिभेवर विभूती, वर एक घोट तीर्थ, आणि हलकासनावर नेऊन बसवायचे. शिष्य खाली वाकून तिचे पाय हलकेच मागे, खुर्चीखाली सरकवून ठेवी. "चरण आत घ्या, माते." बाबा आपली पावले जरा पुढे करत. "आता मला नमस्कार कर. आणखी वाक. आणखी. कपाळ माझ्या पावलांकडे येऊ दे. आणि हलकी झाले, असे म्हणत ऊठ."

आणि ती उठायची. हात न लावता, सरळ, फटकन. शंख वाजायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मीसुद्धा पहिल्यांदा पाहिले तेव्हा मान हलवली होती, फक्त कोणत्या दिशेने ते शेजाऱ्याला कळू दिले नाही.

या चमत्काराची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल, तर ती पद्मावतीकाकीला.

पद्माकाकी सत्तरीच्या पुढची. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा दत्तप्रसाद म्हापशाला नोकरीत, तिथेच त्याचा फ्लॅट. गावच्या घरात काकी, तिच्या कोंबड्या आणि एक मांजर. वर्षभरापासून काकीच्या मांड्या सुकत चालल्या होत्या. सोप्यावरून उठताना ती खांब धरायची, न्हाणीत नळ धरायची, आणि एकदा नळच हातात आला. तेव्हापासून दत्तप्रसादने धोशा लावला की आई, घर बंद करू, म्हापशाला चल. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की म्हातारे माणूस हात न टेकता खुर्चीतून उठत नसेल, तर त्याला एकटे ठेवू नका. दत्तप्रसाद मुलगा चांगला, पण चांगली मुले ऐकलेले वाक्य फार घट्ट धरून ठेवतात.

"ज्या दिवशी हात न लावता उठशील, त्या दिवशी विषय संपला," तो म्हणाला. "नाहीतर चतुर्थीचा गणपती पोचवला की कुलूप."

"आणि माझ्यो कोंबयो?"

"फ्लॅटात कोंबड्या चालत नाहीत, आई. सोसायटीचा नियम आहे."

"मगे मी कशी चालतंय तेंका?"



काकीच्या मांड्या का सुकल्या, ते तिच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावले असते तर कोणालाही कळले असते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून शेजारीण तिच्यासाठी बांगडे आणायची. काकी त्यांचे झकास हुमण, नारळाच्या रसातले कालवण, करायची. दत्तप्रसादचा फोन आला की सांगायची, "जेवलंय रे, नुस्त्याचा हुमण नि भात." नुस्ते म्हणजे मासे, आणि आई मासे खाते म्हणून तिकडे दत्तप्रसाद निर्धास्त. एकदा मी समोर बसलो होतो. काकीच्या पानात भात, भातावर लालभडक रस, आणि बांगडा मांजराच्या बशीत.

"काकी, कुडको खंय गेलो?"

"मनीक घातलंय. म्हाताऱ्या माणसान कुडको कित्याक खावचो? माका रस पुरे."

ही आमच्याकडची जुनी रीत. घरातली थोरली बाई तुकडे वाढते पुरुषांना, मग मुलांना, मग लेकीसुनांना, आणि आपण रसावर भात कालवून उठते. चाळीस वर्षे तिने तेच केले. आता घरात ना पुरुष, ना मूल, ना सून. पण हाताला रीत ठाऊक होती, म्हणून हाताने एक मांजर शोधून काढले. त्या मांजराच्या मांड्या पाहण्यासारख्या होत्या.

तर असा रस-भातही बाबांनी जड ठरवला. काकीने तो सोडला, पेजेवर आली आणि कोंबड्या टोपलीत घालून बाबांच्या पायाशी ठेवून आली. दर रविवारी हलकासनावरून फटकन उठायची आणि उरलेला आठवडा खांब धरून उठायची. खांब आता दोन्ही हातांनी धरावा लागतो, हे तिने कोणाला सांगितले नाही. तिचे सगळे लक्ष एकाच गोष्टीवर होते. दत्तप्रसादला रविवारी बोलवायचे आणि त्याच्या डोळ्यांदेखत उठून दाखवायचे.

त्याच्या आधी सगुणबाब पडला.

सगुणबाब म्हणजे खाणीवर पूर्वी मशीन चालवणारा, जिभेने तिखट म्हातारा. तोही हलका होत होता. एके सकाळी न्हाणीतल्या पाटावरून हात जोडून "हलको झालंय" म्हणत उठायला गेला आणि मनगटावर आला. त्याला आरोग्य केंद्रात नेताना गाडी माझी होती, म्हणून पुढचे संभाषण मी स्वतः ऐकलेले आहे.

डॉक्टर रूपाली मूळच्या मांद्र्याच्या. पन्नाशीची, ठसठशीत बाई. हाताला प्लास्टर घालता घालता त्यांनी विचारले, "कशे पडलात?"

"उठलंय."

"उठान पडलात काय पडान उठलात?"

"हात जोडून उठलंय गे बाय. बाबांच्या खुर्चेर उठतंय तसोच. पाट तेवढो घरचो होतो."

डॉक्टरांचा हात थांबला. "बाबांच्या खुर्चेत काय आसा?"

"शक्ती आसा."

"आणि उंची किती आसा?"

सगुणबाबने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. रविवारमागून रविवार आम्ही ती खुर्ची बघत होतो. शक्ती सर्वांनी मोजली होती, उंची कोणीच नाही.

डॉक्टरांनी त्याची मांडी चाचपली. लेंग्यात मांडी शोधावी लागली. "हंयचा मांस खंय ठेवलात?"

"बाबांच्या पायाकडे," सगुणबाब म्हणाला. दुखत होते तरी त्याची जीभ मोडली नव्हती.

पुढच्या रविवारी भाटी खचाखच भरली होती, कारण म्हापशाहून पद्मावतीचा मुलगा परीक्षा घ्यायला येणार ही बातमी गावभर झाली होती. काकी ठेवणीतले लुगडे नेसून आली. दत्तप्रसाद पुढच्या रांगेत. मागे खांबाला टेकून डॉक्टर रूपाली, एखादी नवी भक्तीण उभी राहावी तशा.

जडासनावर काकी हलली नाही. दत्तप्रसादने मान खाली घातली. मग विभूती, तीर्थ, हलकासन. शिष्याने पाय आत सरकवले, काकी वाकली, "हलकी झालंय" म्हणाली आणि ताडकन उभी राहिली. शंख वाजला. दत्तप्रसाद उठून आईजवळ गेला, त्याचे डोळे भरले होते.

"बरे आई," तो म्हणाला. "घर उघडे राहू दे."

काकीने सभेकडे असे पाहिले, की पंचायतीची निवडणूक जिंकलेला माणूससुद्धा असे बघत नाही.

"बाबा," मागून डॉक्टरांचा आवाज आला, "माझो पण एक जड माणूस आसा. तेका बसवात मगे?"

जड माणूस म्हणजे रुद्रेश. आमच्या फुटबॉल संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू. आजीला न्यायला आला होता, अर्ध्या चड्डीतच. त्याच्या मांड्या फणसाच्या बुंध्यासारख्या, आणि त्या त्याला स्वतःलाही फार आवडतात.

"तरुणांना जडासनाचे प्रयोजन नाही," बाबा म्हणाले.

"प्रयोजन नाय, पण बसल्यान काय बिघडता?"

सभेला करमणूक हवीच होती. रुद्रेशला ढकलून जडासनावर बसवले. डॉक्टरांनी बाबांचेच शब्द म्हटले: तुळशीसारखा ताठ, चरण पुढे, हात छातीवर. "पाठ वाकवची नाय, पाय मागे घेवचे नाय. ऊठ आता."

रुद्रेश हसत उठायला गेला. उठला नाही. पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड पिकल्या कोकमासारखे झाले, मांड्या थरथरल्या, पण बूड खुर्चीशी चिकटलेले.

"रे, माका कोणी धरलाहा काय?" तो म्हणाला.

त्याची आजी पुढे आली. "काल किती बांगडे खाल्लंस?"

बाबांनी संधी सोडली नाही. बाबांची हुशारी कमी लेखू नये. "पाहिलेत?" त्यांनी हात उंचावला. "कोवळ्या वयात जड झाला. गोल करतो, पण पृथ्वी सोडत नाही. याला विभूती द्या, हलकासनावर न्या."

"नुको," डॉक्टर म्हणाल्या. "हंयच उठयतंय तेका. विभूतीबगर." त्या रुद्रेशजवळ गेल्या. "पाय मागे घे, खुर्चेखाली. आता पुढे वाक. नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाव दे. हां. ऊठ."

रुद्रेश असा उठला की थेट बाबांच्या चौरंगावर आदळता आदळता राहिला.

मग भाटीत जे सुरू झाले त्याला बैठक म्हणता येणार नाही. प्रत्येकाला तो प्रयोग करून बघायचा होता. मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्या पुढे आल्या. पंचायत सदस्य ताठ बसले, पाय पुढे केले, आणि गावाने त्यांना पहिल्यांदाच आपली खुर्ची सोडायला धडपडताना पाहिले. दोन जावा शेजारी शेजारी अडकल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना दोघींना उचलावे लागले. शिष्यालाही मोह आवरेना. तो एका खुर्चीत बसला, पाय पसरले, आणि "महाराज, खरंच उठता येत नाही हो," असे बाबांनाच सांगून बसला.

"तुम्ही पण घरी करून बघात," डॉक्टर मोठ्याने सांगत होत्या. "ताठ बसून, पाय पुढे टाकून जगातलो कोणच उठणा नाय. आंगाचा वजन बुडार, पाय भायर, मगे उठवतलो कोण? पाय मागे घेतल्यार, पुढे वाकल्यार वजन पायांर येता नि माणूस उठता. बाबांक नमस्कार केल्यार उठतास, ता बाबांमुळे नाय. वाकल्यामुळे."

मग त्यांनी बाबांच्याच ताटातले लिंबू उचलले. जडासनाच्या पट्ट्यांवर ठेवले, तर ते गडगडत मधल्या खड्ड्यात जाऊन बसले. हलकासनावरचे रेशीम ओढले. आत साधी लाकडी खुर्ची, पण चारी पायांखाली ठोकळे, मागच्या दोहोंखाली जास्त जाड. सगुणबाबने प्लास्टर न घातलेला हात लावून पाहिले. जडासनापेक्षा टीचभर उंच. डॉक्टरांनी लिंबू त्या बैठकीवर ठेवले. ते सरळ पुढे घरंगळले आणि टुणकन जमिनीवर पडले.

"लिंबू हलको झालो," सगुणबाब म्हणाला.

बाबांनी अजून हार मानली नव्हती. लिंबाला भक्ती नसते वगैरे ते बोलू लागले होते. इतक्यात त्यांच्या मागच्या पडद्याआडून एक कोंबडी अंडे घातल्याच्या आनंदाने ओरडू लागली. काही केल्या थांबेना.

"ही माझी तांबडी," पद्माकाकी म्हणाली.

पडदा बाजूला झाला. नदीत विसर्जन झालेले सगळे तिथे कोरडे ठाक होते. उरलेल्या कोंबड्या, अंड्यांच्या टोपल्या, आळसांद्यांची पोती, सुक्या सुंगटांची माळ, दह्याचा गंज. आणि मंद स्टोव्हवर तव्यात दोन बांगडे, एका अंगाने छान तळलेले. कोणीतरी ते उलटले, कारण आमच्याकडे कितीही राग आला तरी बांगडा करपू देत नाहीत. सगळे त्या खोलीत घुसले, आपापल्या टोपल्या ओळखू लागले, अंड्यांवरून दोन भांडणे झाली आणि मिटली. या गर्दीत बाबा आणि शिष्य मागच्या दाराने निघून गेले. मागाहून पोलीसही आले. पंचनाम्यात दोन खुर्च्या आणि एक लिंबू एवढेच लिहिता आले.

एक माणूस मात्र हसले नव्हते. पद्माकाकी उघड्या पडलेल्या हलकासनावर जाऊन बसली होती. दत्तप्रसाद तिच्यापासून दोन हातांवर उभा.

"बाय," ती डॉक्टरांना म्हणाली, "तू सगळ्यांक हसयलंस. माझा घर बंद केलंस."

डॉक्टर तिच्यापुढे जमिनीवर उकिडव्या बसल्या. त्यांनाही वाकून बसायला जरा वेळ लागला.

"घर मी नाय बंद केलंय. ह्या खुर्चेन केला असता. इतवारी तू हंय उठतंस, नि सोमारी न्हाणीत पडतंस. ह्या सगुणबाबाक विचार." मग त्या दत्तप्रसादकडे वळल्या. "तुम्ही फोनर विचारतास, आई जेवलंस? काय जेवलंस, ता कधी विचारलात?"

"नुस्ते जेवते ना ती. हुमण-भात."

"हुमण ती जेवता. नुस्ता माजर खाता."

दत्तप्रसादने आईकडे पाहिले. काकीने लुगड्याची निरी नीट केली.

मग डॉक्टरांनी जे सांगितले ते ऐकायला हळूहळू सगळेच गोळा झाले, हातात आपापली अंडी घेऊन. वय वाढते तसे अंगावरचे मांस आपोआप झडते, आणि सर्वांत आधी मांड्यांवरचे. ते टिकवायला लागतात प्रथिने. आपण समजतो की म्हाताऱ्याने कमी खावे, हलके खावे. भूक कमी होते हे खरे, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते, कारण तरुण शरीर जेवढ्यात भागवते तेवढ्यात म्हाताऱ्या शरीराचे भागत नाही. पेज म्हणजे बहुतेक पाणी आणि थोडा भात. हुमणाच्या रसात चव उतरते, बांगड्याचे बळ बांगड्यातच राहते.

"प्रत्येक जेवणात कायतरी जड होया," त्या म्हणाल्या. "सकाळी अंडा नायतर मूग, दनपारा नुस्त्याचो कुडको नायतर आळसांदे, रातीक दूध-दही, डाळ. एकाच जेवणात सगळा ढकलू नकात, वाटून खावा. ज्यांका किडनीचो त्रास आसा, तेंनी आधी माका येवन विचारा. आणि नुसता खावन मांस येणा नाय. खुर्चेतसून उठा, बसा, परत उठा. सुरवातीक टेबल धरून."

"दात नाय तेंनी आळसांदे कशे खावचे?" कोणीतरी विचारले.

"शिजवन मऊ करून. बाबा नेत होते, ते काय कच्चे चावन खायत होते?"

काकी अजून दत्तप्रसादकडेच पाहत होती. डॉक्टर म्हणाल्या, "चतुर्थीपर्यंत वेळ आसा मगे? चतुर्थीक हिका ह्या खड्ड्याच्या खुर्चेतसून उठवून दाखयतंय. उठली नाय, तर कुलूप मी लायतंय."

"आणि तोपर्यंत एकटी पडली तर?" दत्तप्रसाद म्हणाला. प्रश्न रास्त होता. त्यावर शेजारीण रात्री सोबतीला झोपेल आणि न्हाणीत भिंतीला पक्का दांडा बसेल असे ठरले. दांडा त्याने त्याच संध्याकाळी स्वतः बसवला. काकीने तो ओढून पाहिला, मग लोंबकळून पाहिला, मग तिला पटले.

त्यानंतर काकीची जी साधना सुरू झाली, तिच्यापुढे बाबांची साधना काहीच नव्हती. पहिला बांगडा स्वतःच्या पानात वाढताना तिचा हात अडला. तुकडा पळीत, पळी हवेत, मांजर खाली तयारीत. शेवटी शेजारणीने तिचे मनगट धरून पळी उलटी केली. काकी चोरी केल्यासारखी जेवली. दुसऱ्या शुक्रवारी मात्र तिने शेपटीकडचा तुकडा नको, मधला हवा, असे सांगितले.

ती टेबल धरून उठायची, बसायची. आधी टेबल दोन हातांनी, मग एका हाताने, मग दोन बोटांनी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने सोबत उठाबशा काढायला लावले. पोस्टमन तर तिच्या घरी पत्र असले की दुसऱ्याकडून पाठवू लागला.

श्रावण लागला तेव्हा काकीने आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना गाठले. "बाय, आता नुस्ता नाय, अंडा नाय. माझी मांडी काय श्रावणभर उपाशी रवतली?"

"आळसांद्यांनी श्रावण पाळलोहा काय?" डॉक्टर म्हणाल्या.

मग मुगाची उसळ, आळसांद्यांचे वाटणातले तोणाक, दही, मूठभर शेंगदाणे. श्रावणभर काकीच्या पानाला मांजर नाराजीने वास घेऊन जाई.

चतुर्थीला दत्तप्रसाद सहकुटुंब आला. गणपती बसला, आरती झाली, हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाल्या, आणि मग विषय न काढता सगळे सोप्यावर जमले. पंचनाम्यानंतर जडासन आरोग्य केंद्रात जमा होते, ते डॉक्टरांनी गाडीत घालून आणले. काकी त्या खड्ड्यात बसली, तशी पार आत गेली. दत्तप्रसादचे हात नकळत पुढे झाले, बायकोने त्याला मागे ओढले. काकीने पाय मागे घेतले. पुढे वाकली. थांबली. मांड्या लुगड्यातून थरथरताना दिसत होत्या. अर्ध्यावर आली, पुन्हा खड्ड्यात गेली.



"घाई कोणाक आसा?" काकी म्हणाली, श्वास घेतला आणि उठली. हळू, वाकडीतिकडी, कसलाही चमत्कार नसल्यासारखी. पण हात तिच्या छातीवर होते आणि खाली ठोकळे नव्हते.

दत्तप्रसादने म्हापशाहून आणलेले नवे कुलूप खिशातून काढले आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावले.

आता एवढेच सांगायचे. कोणी तुमच्या आईला दोन बोटांनी उचलून दाखवले, तर त्याच्या बोटांकडे पाहू नका, खुर्चीखाली पाहा. तिथे काही सापडले नाही, तर तिच्या पानात पाहा. दोन्ही ठिकाणी वाकून पाहावे लागते, आणि वाकायला कोणा बाबाची परवानगी लागत नाही.

राहता राहिला हिशेब, किंमत कोणी मोजली याचा. सगुणबाबने मनगट मोजले. ते जुळले, पण वाकडे, त्यामुळे आता तो चहाचा कप डाव्या हाताने धरतो. काकीने एका उन्हाळ्याचे मांस मोजले आणि सबंध पावसाळा घालून ते निम्मे परत मिळवले. बाकीचे निम्मे येणार नाही, असे डॉक्टरांनी तिला खरे सांगितले. गावातल्या इतर म्हाताऱ्यांनी किती मोजले ते कळायला मार्ग नाही, कारण लेंग्या-लुगड्याच्या आतले कोणी तोलत नाही. बाबांनी काहीच मोजले नाही. ते त्या रविवारी मागच्या दाराने गेले, शेतातला बांध उडी मारून ओलांडला आणि चढ न थांबता चढले, असे गुरे चारणाऱ्यांनी पाहिले. त्या पायांत आमच्या गावची अंडी होती.